वृद्धांच्या औषधांचा डबा

म्हातारपण म्हणजे दुसरें बालपण, असें म्हणावयाची आपल्याकडे चाल आहे. औषधांच्या बाबतींत मात्र ही उपमा अर्धीच खरी ठरते. लहान मुलाला औषध देतांना डॉक्टर त्याचें वजन पाहतो, मात्रा मोजून सांगतो, आणि आई तें स्वतःच्या हातानें चमच्यानें पाजते. वृद्धाचें शरीरहि तरुणाच्या शरीराहून तितकेंच निराळें असतें; परंतु त्याला मिळणारी मात्रा पुष्कळदां तरुणाचीच असते, आणि ती घेण्याचें काम त्याच्या अधू डोळ्यांवर व थरथरत्या बोटांवर सोंपविलेलें असतें. मुलाला एका वेळीं बहुधा एकच दुखणें असतें व डॉक्टरहि एकच असतो. वृद्धाला रक्तदाब असतो, मधुमेह असतो, गुडघे दुखत असतात, डोळ्यांत कांचबिंदु असतो, रात्रीं झोंप येत नसते. आणि यांपैकीं प्रत्येक तक्रारीचा डॉक्टर वेगळा असतो.

हीं सर्व औषधें अखेरीस एके ठिकाणीं येऊन पडतात. तें ठिकाण म्हणजे कपाटाच्या खालच्या फळीवरचा, एके काळीं बिस्किटें भरून आलेला पत्र्याचा डबा. हृदयाच्या डॉक्टरानें तो डबा पाहिलेला नसतो, हाडांच्या डॉक्टरानें पाहिलेला नसतो, डोळ्यांच्या डॉक्टराला तर तो असतो हेंहि ठाऊक नसतें. प्रत्येकानें आपापली चिठ्ठी तेवढी पाहिलेली असते. घरांतील मंडळींना वाटतें, इतके मोठे डॉक्टर पाहत आहेत तेव्हां काळजी नाहीं. आणि डॉक्टरांना वाटतें, घरचीं माणसें पाहतच असतील. सगळीं औषधें एकत्र पाहणारा असा कोणीच नसतो. वृद्धांना औषधांपासून जे अपाय होतात, त्यांतील बराच मोठा भाग या एका उणिवेंतून उत्पन्न होतो.

हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांचा नव्हे. २०११ च्या जनगणनेंत साठ वर्षें व त्याहून अधिक वयाचीं माणसें भारतांत सुमारें १० कोटि ३८ लक्ष होतीं. जागतिक आरोग्य संघटनेनें मार्च २०१७ मध्यें जर्मनींतील बॉन शहरीं एक संकल्प जाहीर केला. औषधांपासून होणारा, टाळतां येण्याजोगा गंभीर अपाय पांच वर्षांत निम्म्यावर आणावा, असा तो होता. त्या वेळीं संघटनेनें तीन गोष्टींकडे विशेष लक्ष देण्यास सांगितलें : धोक्याचे प्रसंग व धोक्याचीं औषधें, एकाच माणसाला एकाच वेळीं पुष्कळ औषधें चालू असणें, आणि रोगी एका हातांतून दुसऱ्या हातांत जाणें, म्हणजे इस्पितळांतून घरीं किंवा एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे. वृद्धाच्या आयुष्यांत या तिन्ही गोष्टी एकदमच येऊन भेटतात.

वृद्धाच्या शरीरांत औषधाचें काय होतें हें आधीं समजून घेतलें पाहिजे. औषध पोटांत गेलें म्हणजे गुण येतो, एवढेंच सामान्यतः आपण ध्यानांत घेतों. तें शरीराबाहेर कसें पडतें याचा विचार करीत नाहीं. शाळेंतील हौदाचें गणित येथें आठवावें. एका तोटीनें पाणी आंत येतें, दुसरीनें बाहेर जातें. बाहेरची तोटी अर्धी बुजली आणि आंतली तशीच चालू राहिली, तर हौद भरून वाहूं लागतो. औषधें बाहेर जाण्याच्या वाटा मुख्यतः दोन, यकृत आणि मूत्रपिंडें. मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची शक्ति तरुणपणीं मिनिटास सुमारें १०० ते १२० मिलिलिटर असते. चाळिशीच्या सुमारापासून ती सामान्यतः दर वर्षीं एकेक मिलिलिटरनें उतरूं लागते. यांत दुखणें असें कांहीं नसतें, त्यामुळें कोणास पत्ता लागत नाहीं.

रक्त तपासल्यास तरी पत्ता लागावा, असें वाटेल. येथें एक फसवणूक आहे. मूत्रपिंडांचें काम ज्यावरून ओळखतात तो क्रिएटिनीन नांवाचा पदार्थ स्नायूंतून निर्माण होतो, आणि म्हातारपणीं स्नायूच झिजलेले असतात. म्हणून कागदावरचा आंकडा ठीक दिसतो व गाळणी मात्र बुजलेली असते. कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट या दोघांनीं १९७६ सालीं यासाठीं एक सोपें गणित बसवून दिलें. १४० मधून वय वजा करावें, उरलेल्या आंकड्यास किलोंतील वजनानें गुणावें, आणि त्या गुणाकारास क्रिएटिनीनच्या ७२ पटीनें भागावें. रोगी स्त्री असल्यास आलेल्या उत्तराचे शेंकडा ८५ धरावे. आतां दोघींचा क्रिएटिनीन अगदीं सारखा, १.० आहे असें समजा. तीस वर्षांच्या, ५५ किलो वजनाच्या सुनेचें उत्तर सुमारें ७१ येतें. ऐंशी वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या सासूबाईंचें सुमारें ३२ येतें. दोघींच्या कागदावर आंकडा एकच, आणि एकीची गाळणी दुसरीच्या निम्म्याहूनहि कमी! मधुमेहावरील मेटफॉर्मिन, हृदयावरील डिगॉक्सीन, हातापायांच्या मुंग्यांवरील प्रेगाबालीन, आणि अनेक जंतुनाशक औषधें मूत्रपिंडांच्या वाटेनें बाहेर जातात. त्यांची मात्रा हें गणित करूनच ठरवावी लागते. मूत्रपिंडांचें काम ४५ च्या खालीं गेलें तर मेटफॉर्मिन कमी करतात, आणि ३० च्या खालीं गेलें तर तें थांबवितात. ज्यांच्या घरीं वृद्ध माणूस आहे अशा श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल घेऊन एकदां हें गणित करून पाहावें, आणि तें उत्तर डॉक्टरांपुढें ठेवावें. आपण होऊन गोळी कमी करण्यासाठीं मात्र तें नव्हे.

दुसरा फरक मेदाचा. वयाबरोबर शरीरांतील पाण्याचा अंश कमी होतो व मेदाचा वाढतो, आणि मेदांत विरघळणारीं औषधें तेथें दडून बसतात. डायझेपाम हें झोंपेसाठीं व घाबरेपणासाठीं दिलें जाणारें जुनें औषध आहे. १९७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, शरीरांतील या औषधाचा अंश निम्म्यावर येण्यास विशीतल्या माणसाला सुमारें २० तास लागतात, तर ऐंशीच्या घरांतल्या माणसाला सुमारें ९० तास लागतात. म्हणजे सोमवारीं रात्रीं घेतलेल्या गोळीचा निम्मा भाग शुक्रवारींहि शिल्लक असतो, आणि मधल्या तीन रात्रींच्या गोळ्या त्यावर चढलेल्या असतात. अशा माणसाला दिवसा डुलक्या येतात, बोलण्यांत गोंधळ होतो, आणि पहाटे न्हाणीघराकडे जातांना तोल जातो. घरचीं माणसें म्हणतात, "आतां वय झालें." वय झालेलें असतेंच, पण पडून खुब्याचें हाड मोडलें त्याला कारण वय नव्हे, गोळी असूं शकते.

अशा प्रकारचीं औषधें कोणतीं, याची एक यादी मार्क बीअर्स या अमेरिकन डॉक्टरानें १९९१ सालीं प्रथम तयार केली. वृद्धाश्रमांतील रोग्यांसाठीं केलेली ती यादी पुढें अमेरिकेंतील वृद्धवैद्यकांच्या संस्थेनें हातीं घेऊन वेळोवेळीं सुधारली. २०२३ सालींहि ती सुधारण्यांत आली. झोंपेच्या गोळ्या तींत आहेत. सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामीन तींत आहे. या औषधानें वृद्धांची बुद्धि भ्रमते आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडते. ही यादी म्हणजे बंदीचा हुकूम नव्हे. पण यादींतील औषध चालू असेल तर 'हें अजून पाहिजे का?' असा प्रश्न विचारण्यास ती पुरेसें कारण आहे.

परंतु एकेकट्या औषधापेक्षांहि अवघड असते ती औषधांची साखळी. अशी कल्पना करा कीं, बाहत्तर वर्षांच्या एका आजोबांना रक्तदाबासाठीं अम्लोडिपीन चालू झालें. औषध चांगलें आहे व रक्तदाबहि उतरला. कांहीं आठवड्यांनीं त्यांचे घोटे सुजूं लागले. घोटे सुजणें हा त्याच औषधाचा ठाऊक असलेला परिणाम आहे. पण आजोबा गेले दुसऱ्या डॉक्टराकडे, आणि त्यांनीं सुजेसाठीं लघवी होण्याची गोळी दिली. आतां रात्रीं तीनतीनदां उठावें लागूं लागलें, अंगांतील पाणी व क्षार कमी झाले, आणि उठून उभें राहतांच डोळ्यांपुढें अंधारी येऊं लागली. आजोबांनीं तिसऱ्या ठिकाणीं जाऊन चक्करेची तक्रार सांगितली. तेथें सिनॅरिझीन किंवा प्रोक्लोरपेराझीन मिळालें. हीं औषधें थोडे दिवस घेण्याचीं. पण चिठ्ठीवर दिवस लिहिलेले नसले किंवा लिहूनहि कोणी वाचले नाहींत, तर तीं महिनोन्महिने चालतात, आणि मग वृद्धाचे हात कांपूं लागतात, अंग ताठरतें, पाऊल घसटत पडतें. हें चित्र हुबेहूब कंपवाताचें असतें, आणि कंपवाताचें औषध चालू होतें. आजोबांच्या डब्यांत आतां चार औषधें झालीं. त्यांपैकीं तीन पहिल्याच्या मागोमाग आलीं. वस्तुतः पहिल्या पायरीवरच अम्लोडिपीनची मात्रा कमी केली असती किंवा औषध बदललें असतें, तर काम भागलें असतें. पॉला रोशॉन व जेरी गुरविट्झ यांनीं १९९७ सालीं या प्रकाराकडे वैद्यकीय जगाचें लक्ष वेधलें. या साखळींतील एकाहि डॉक्टरानें तसें पाहिलें तर चूक केलेली नाहीं. प्रत्येकानें समोरच्या तक्रारीला उत्तर दिलें. म्हणून वृद्धाला नवी तक्रार सुरू झाली कीं पहिला प्रश्न हा असावा : 'गेल्या दोनतीन महिन्यांत कोणतें औषध नवें सुरू झालें, किंवा कोणत्याची मात्रा वाढली?'

डबा टेबलावर मोकळा करावा, असें जें सांगावयाचें तें यासाठींच. वर्षांतून निदान दोनदां, आणि इस्पितळांतून घरीं आल्यावर तर लागलीच, घरांतील त्या माणसाचीं सर्व औषधें एका पिशवींत घालून एका डॉक्टरापुढें नेऊन ठेवावींत. तो डॉक्टर घरचा, नेहमींचा असला तर उत्तमच. मोठ्या पदवीपेक्षां येथें सबंध डबा पाहण्याची सवड अधिक मोलाची आहे. 'सर्व' या शब्दावर जोर आहे, कारण लोकांच्या मनांत औषध म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेली गोळी. दम्याचा पंप, मलम, शक्तीचें टॉनिक, चूर्ण, काढा, शेजारणीनें दिलेली गुडघ्याची गोळी, यांची कोणी गणना करीत नाहीं.

डोळ्यांत घालावयाच्या थेंबांचेंच पाहा. कांचबिंदूसाठीं टिमोलॉल नांवाचे थेंब दिले जातात. डोळ्यांत घातलेला थेंब तेथेंच राहतो असा समज आहे. तो अश्रूंच्या वाटेनें नाकांत उतरतो व तेथून रक्तांत जातो. त्यामुळें टिमोलॉलनें दमेकऱ्याचा दमा उसळूं शकतो व हृदयाचे ठोके मंदावूं शकतात. छातीच्या डॉक्टरापुढें बसलेल्या आजींनीं 'मी डोळ्यांत थेंब घालतें' हें सांगितलेंच नाहीं, तर दमा कां वाढला हें त्या बिचाऱ्या डॉक्टराला कसें कळावें? थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा बोटानें एकदोन मिनिटें दाबून धरावा, म्हणजे औषध डोळ्यांतच राहतें. दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्यें पांच मिनिटें जाऊं द्यावींत. आणि उघडलेली बाटली बहुधा चार आठवड्यांनीं टाकून द्यावयाची असते. यास्तव उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी.

गुडघ्याच्या गोळीची गोष्ट याहून गंभीर आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन इत्यादि वेदनाशामक औषधें पोटांत जखम करून रक्तस्राव घडवितात, रक्तदाब वाढवितात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. रक्तदाबाच्या कांहीं गोळ्या, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामक गोळी, अशीं तीन एकत्र आलीं म्हणजे मूत्रपिंडें अचानक बंद पडण्याचें भय असतें. उन्हाळ्यांत जुलाब लागले असतां तर विशेषच. आपल्या देशांतील गिधाडें नाहींशीं झालीं त्याचें कारण शोधतां शोधतां हेंच डायक्लोफेनॅक सांपडलें. तें टोंचलेल्या गुरांचें मांस खाऊन गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होत होतीं, आणि म्हणून २००६ सालीं सरकारनें गुरांसाठीं तें बंद केलें. गिधाडाचें शरीर माणसाहून पुष्कळच नाजुक, हें खरें. तरी जें औषध दुकानांत जाऊन नुसतें नांव सांगून आणतात, त्याची ताकद काय हें यावरून कळावें. दुखण्यावर प्रथम पॅरासिटामॉल घ्यावें, असें बहुतेक डॉक्टर सांगतात. मात्र सर्दीतापाच्या पुष्कळ गोळ्यांतहि तेंच असतें. दोन्ही मिळून मात्रा दुप्पट होत नाहीं ना, हें पाहिलें पाहिजे.

'आमचें आयुर्वेदिक आहे, त्याचा अपाय नसतो,' हें वाक्य घरोघर ऐकूं येतें. ज्यानें गुण येतो त्यानें अवगुणहि येऊं शकतो, हें आपले जुने वैद्यहि जाणून होते. ज्येष्ठमध रोज मोठ्या प्रमाणांत घेतल्यास रक्तदाब वाढतो व रक्तांतील पोटॅशियम उतरतें. लघवीची गोळी चालू असलेल्या वृद्धाला हें हृदयावर बेतूं शकतें. कारल्याचा रस मधुमेहाच्या गोळीवर चढविला तर साखर फाजील उतरते. बॉस्टन शहरांतील दुकानांत विकावयास ठेवलेलीं ७० आयुर्वेदिक औषधें तपासून २००४ सालीं एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतील १४ औषधांत शिसें, पारा किंवा सोमल आढळला. यावरून सर्व वनौषधि वाईट ठरत नाहींत. पण त्या डॉक्टरांपासून लपविण्याचें कारण नाहीं, एवढें ठरतें.

आपल्याकडे उपासाचा प्रश्न विशेष आहे. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या गोळ्या जेवण झालें कीं नाहीं हें पाहत नाहींत; त्या साखर उतरवीत राहतात. एकादशीला सकाळीं नेमानें गोळी घेतली आणि दिवसभर पाण्यावर काढला, तर दुपारीं घाम सुटतो, छाती धडधडते, माणूस असंबद्ध बोलूं लागतो. अशा वेळीं अर्धांगवायु झाला असें समजून धांवाधांव होते. शुद्धि असेल तर तीनचार चमचे साखर पाण्यांत विरघळून ताबडतोब द्यावी, पाव तासानें पुन्हां पाहावें, आणि नंतर खाण्यास द्यावें. शुद्धि नसेल तर तोंडांत कांहींहि घालूं नये, इस्पितळ गांठावें. एकदां सावरलेला माणूस पुन्हां कांहीं तासांनीं घसरूं शकतो, कारण गोळीचा अंमल वृद्धांत लांबतो. उलट, साबुदाण्याची खिचडी व बटाटे यांवर केलेल्या 'उपासानें' साखर भलतीच चढते. म्हाताऱ्या माणसाला 'उपास सोडा' म्हणून दरडावण्यांत अर्थ नाहीं. पन्नास वर्षांचें व्रत तें असें सुटत नाहीं. चातुर्मासापूर्वीं डॉक्टरांकडे जाऊन उपासाच्या दिवशीं कोणती गोळी घ्यावयाची व कोणती नाहीं हें लिहून आणावें. आषाढी वारीला निघणारांनींहि तसेंच करावें. इन्शुलीन टोंचून घेणारानें वापरांतली बाटली उन्हांत तापूं देऊं नये. ती तीस अंशांच्या आंत सुमारें चार आठवडे टिकते. जेथें शीतकपाट नाहीं तेथें मातीच्या मडक्यांतला गारवाहि उपयोगी पडतो. बर्फांत मात्र ती कधींहि ठेवूं नये.

आतां दुकानाकडे वळूं. दुकानदार विचारतो, "काका, पांच गोळ्या देऊं कीं सबंध पाकीट?" काका पांच म्हणतात, कात्री चालते, आणि मुदतीची तारीख दुकानांतल्या तुकड्यावर राहते, नांव अर्धें कापलें जातें. घरीं आलेल्या पांच गोळ्यांना मग 'ती पांढरी' याखेरीज ओळख उरत नाहीं. आणि डब्यांत पांढऱ्या गोळ्या चार प्रकारच्या असतात. शिवाय एकच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नांवांनीं विकतात, त्यामुळें दोन डॉक्टरांनीं दोन नांवांनीं दिलेली एकच गोळी एक माणूस सकाळ-संध्याकाळ घेत राहतो. तेव्हांच्या भारतीय वैद्यक परिषदेनें २०१६ सालीं डॉक्टरांना औषधाचें मूळ नांव सुवाच्य, शक्यतों मोठ्या अक्षरांत लिहिण्यास सांगितलें, तें याहि दृष्टीनें उपयोगाचें आहे. तुकडा घेतलाच तर त्यावर नांव व मुदत लिहून मागावी. दुकानांतील फार्मासिस्ट हा नुसता विक्रेता नसून शिकलेला माणूस असतो. त्याला विचारण्यांत कमीपणा नाहीं.

घरीं एका पुठ्ठ्यावर मोठ्या मराठी अक्षरांत यादी करावी : औषधाचें मूळ नांव, कशासाठीं, किती, केव्हां, कोणी दिलें, कधींपासून. 'कशासाठीं' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो भरतां आला नाहीं, तर डॉक्टरांना विचारण्यासारखें तेथेंच कांहीं आहे. चिठ्ठीवरील '१-०-१' याचा अर्थ सकाळीं एक, दुपारीं नाहीं, रात्रीं एक, असा असतो. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं पाकिटावर सूर्य व चंद्र काढावे. थायरॉइडची गोळी सकाळच्या चहाच्या निदान अर्धा तास आधीं, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावयाची, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर. संधिवाताचें मेथोट्रेक्सेट आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. तें रोज घेतलें गेल्यानें माणसें दगावलीं आहेत. त्याचा वार ठरवून तो यादींत तांबड्या शाईनें लिहावा, व तें औषध इतरांत मिसळूंच नये. गिळतां येत नाहीं म्हणून गोळी खलबत्त्यांत कुटून देण्याची पद्धतहि सरसकट बरी नव्हे. ज्या गोळीच्या नांवापुढें 'एसआर', 'एक्सआर' अशीं अक्षरें असतात ती दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठीं बनविलेली असते; कुटली कीं दिवसाची मात्रा एकदम अंगांत जाते.

पैशाची गोष्ट घरांत कोणी बोलत नाहीं. निवृत्तिवेतनावर किंवा मुलाच्या पैशावर राहणारी पुष्कळ माणसें एक दिवसाआड गोळी घेतात, म्हणजे महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरतात. डॉक्टराला हें ठाऊक नसतें. रक्तदाब चढलेला पाहून तो मात्रा वाढवितो. पुढें एखाद्या दुखण्यांत इस्पितळांत ठेवल्यावर परिचारिका ती वाढलेली मात्रा रोज, वेळच्या वेळीं देते, आणि रक्तदाब एकाएकीं कोसळतो. पैसे पुरत नाहींत हें डॉक्टरांना सांगितलें, तर स्वस्त पर्याय निघूं शकतो, किंवा ज्यावांचून चालेल असें एखादें औषध कमी होऊं शकतें. मूळ नांवानें स्वस्त औषधें देणारीं जनऔषधि दुकानें २००८ पासून निघालीं आहेत. त्यांतील पहिलें अमृतसरला उघडलें.

विसरण्याबद्दलहि थोडें सांगणें अवश्य आहे. "आई, गोळी घेतलीत का?" असें सूनबाई विचारते, "घेतली ग, किती वेळां विचारशील?" असें उत्तर येतें. सासूबाई खोटें बोलत नसतात. रोज त्याच वेळीं केलेल्या त्याच कृतीची आजची आठवण व कालची आठवण मनांत वेगळी राहत नाहीं, हें तरुणांचेंहि होतें. सात वारांच्या कप्प्यांची डबी दर रविवारीं भरून ठेवली, तर कप्पा रिकामा कीं भरलेला हें पाहिल्यानें काम होतें, आणि प्रश्न विचारावा लागत नाहीं. एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळीं दोन गोळ्या घेऊं नयेत. डबी भरण्याचें काम शक्य तोंवर वृद्धानेंच करावें, दुसऱ्यानें शेजारीं बसून पाहावें. ज्यानें चाळीस वर्षें घर चालविलें त्याच्या हातांतून डबा हिसकावून घेतला, तर तो औषध जिभेखालीं ठेवून मागाहून थुंकण्यासहि शिकतो.

यादी तपासतांना औषधें कमी व्हावींत ही इच्छा योग्य आहे. पण तें काम डॉक्टरांचें. हृदयाच्या गतीवरील मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या, स्टेरॉइड, फेपऱ्याच्या गोळ्या, पुष्कळ दिवस घेतलेली झोंपेची गोळी, हृदयाच्या नलिकेंत जाळी बसविल्यानंतरचीं रक्त पातळ ठेवणारीं औषधें, यांपैकीं एकहि आपल्या मनानें एकदम सोडणें जिवावर बेतूं शकतें. तीं कमी करावयाचीं असल्यास पायरीपायरीनें, आणि एका वेळीं एकच कमी करतात. औषधाचा अपाय झालासें वाटलें, तर डॉक्टरांना सांगावेंच. शिवाय भारतीय औषधसंहिता आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत दूरध्वनीवरहि सामान्य माणसाला तो कळवितां येतो.

डबा मोकळा केला म्हणजे तळाशीं कांहीं गोळ्या उरतातच : मुदत टळलेल्या, नांव नसलेल्या, बंद केलेल्या, आणि पुष्कळ घरांत, वारलेल्या माणसाच्या. या शेवटच्या टाकवत नाहींत. 'चांगल्या महागाच्या आहेत, कोणाच्या तरी उपयोगी पडतील' म्हणून त्या ठेवलेल्या असतात, आणि एके दिवशीं खरोखरच कोणीतरी घेतो. त्या पाकिटांतून सोडवून चहाच्या चोथ्यांत किंवा मातींत कालवाव्या, पिशवींत बांधून केरांत टाकाव्या, आणि पाकिटावरील नांव फाडून टाकावें.